सागवानाचे हेलिकॉप्टर

त्या तान्ह्या पोळ्याला आमच्या गावावरून जे हेलिकॉप्टर उडाले, ते सागवानाचे नव्हते. एवढे एक वाक्य मोठ्याने उच्चारायला मला पस्तीस वर्षे लागली. ऐकणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या माणसाने ते सागवानाचेच आहे असे छातीठोकपणे सांगितले, त्याची सारी पत लाकूड ओळखण्यावर उभी होती, आणि ती पत माझ्या भिडस्तपणाने गेली. भिडस्तपणाला लोक चांगुलपणा समजतात. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत आलो. आता पन्नाशी उलटल्यावर ध्यानात येते, की माझी भीड ही बहुतेक वेळा माझ्या स्वतःच्या सोयीची होती.

तरीही त्या दिवसांची आठवण आली, की आधी हसूच येते, हेही लपवत नाही. इतका निर्भेळ आनंद मला पुढे फार थोड्या वेळा लाभला.

साल पंचावन्न-छप्पनच्या सुमाराचे. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा मिळून एकच चांदा जिल्हा होता. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि वडशाजवळच्या एका गावी लाकडाच्या आगारात मोजणी कारकून म्हणून लागलो होतो. कुरखेड्याकडच्या जंगलातून बैलगाड्या ओंडके घेऊन येत. मी फीत लावून त्यांची लांबी आणि घेर मोजायचो, बुंध्यावर खडूने आकडा टाकायचो आणि वहीत उतरवायचो. दिवसभर जगातील सर्वांत जड वस्तूंच्या संगतीत राहिल्यामुळे असेल, पण मला उडणाऱ्या गोष्टींचे वेड लागले.

एका व्यापाऱ्याच्या, आगारात विसरून राहिलेल्या इंग्रजी मासिकाच्या शेवटच्या पानावर जाहिरात होती. हॅट घातलेला एक गृहस्थ, त्याच्या हातात लांब काडी निघालेली एक पेटी, आणि डोक्यावर लहानसे हेलिकॉप्टर तरंगते आहे. रेडिओच्या लहरींवर चालणारे, घरच्या घरी जोडता येणारे! मी कलकत्त्याच्या त्या दुकानाला त्याच दिवशी पत्र टाकले. दीड महिन्याने पार्सल आले. पोस्टमास्तरांनी ते मला बाहेर नेऊ दिले नाही. त्यांच्या टेबलावर, सात-आठ जणांच्या साक्षीने उघडायला लावले. आत पांढऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, झिरझिरीत कागद, तारेचे आकडे, रबराची लांब पट्टी, डिंकाची एक नळी आणि एक नकाशा होता. पेटी नव्हती.

“मंग रेडिओ कुठी हाय?” पोस्टमास्तरांनी विचारले.

जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, की रेडिओची पेटी निराळी असते आणि ती विलायतेत मिळते. आमचे हेलिकॉप्टर रबराला पीळ देऊन उडायचे होते. मी क्षणभर खट्टू झालो. मग नकाशा उलगडला, त्यावरचा पंखा पाहिला, आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात.

पट्ट्या कापायला माझ्याजवळ धारदार पाते नव्हते, म्हणून मी गावच्या सुताराकडे गेलो. चाळिशीचा, काटक बांध्याचा, बोलण्यात मिस्किल. परिसरात त्याचा दबदबा होता तो हातोडीमुळे नव्हे, कानामुळे. शेतकरी घरासाठी ओंडका घ्यायचा झाला, की आधी त्याला घेऊन येई. तो बोटाच्या पेऱ्याने लाकडावर टकटक करी, कान लावी आणि सांगी, “आतून पोकळ हाय, नोको घेऊ,” किंवा, “घे डोळे मिटून.” नंतर करवत फिरली, की त्याचाच शब्द खरा निघे. मी आगारात आल्यापासून तो एकदाही चुकला नव्हता. मोठमोठे ठेकेदारही माल उचलण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघत.

त्याने माझी पांढरी पट्टी हातात घेतली आणि नखाने दाबली. नख आत रुतले. त्याने माझ्याकडे कीव करून पाहिले.

“बाबूजी, हे लाकूड नोहे. मुरमुरे दाबून बनवलं हाय कोणी. फसवलं तुमाले.”

“हलकेच असावे लागते, भाऊ. नाहीतर उडणार नाही.”

“काऊन? गिधाड काय हलकं असते? उचलून पाह्यलं का कधी?”

मी गिधाड उचलून पाहिलेले नव्हते.

“सागवानाच्या मुलखात राहून असलं लाकूड आभाळात पाठवाचं? वरून कोणी पाह्यलं त काय म्हणन?” त्याने पट्ट्या पुन्हा कागदात गुंडाळून माझ्या हाती दिल्या. “ठेवा हे घरी. मी सागवानाचं बनवतो. तुमी फकस्त नक्शा वाचा.”

मी तेव्हाच ठामपणे नाही म्हणायला हवे होते. वजनाचे कोष्टक माझ्या खिशात होते; सारे यंत्र अर्ध्या औंसाहून, म्हणजे दोन सुपाऱ्यांहून जड नको, असे त्यात स्पष्ट छापले होते. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मी मान डोलावली. माझ्या आयुष्यातील बहुतेक चुका मान डोलावण्यातून झाल्या आहेत.

त्यानंतरचा महिना मी जणू हवेतच होतो. आगार सुटले, की थेट त्याच्या पडवीत. मी नकाशावरचे इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो आणि तो ऐकता ऐकता लाकूड तासायचा. सागवान त्याने इतके पातळ काढले, की पंख्याचे पाते उन्हात धरले तर पलीकडे बोटांची सावली दिसे. पात्यांचा पीळ त्याने कोनमापकाशिवाय, नुसत्या डोळ्याने साधला. नळीतल्या डिंकाला पिकल्या केळ्यांचा वास येई. त्याच्या बायकोने तो हुंगून “हे खाता येते का?” असे विचारले होते, आणि आम्ही दोघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो.

ती बाई आम्हांला सोडत नसे.

“माह्या पाटाचा पाय तीन वर्सांपासून मोडला हाय,” ती सूप पाखडता पाखडता म्हणे. “त्याले हात लावाले टाईम नाई, अन् आता इमान बनवून राह्यले.”

“इमान नोहे, हेलिकाप्टर होय,” तो वर न पाहता सांगे. “इमानाले पळावं लागते. हे बसल्या जागून उठते.”

“मंग तुमी काऊन नाई उठत बसल्या जागून?”

तो नकाशावर थांबला असता, तरी कदाचित थोडी आशा होती. पण त्याला कारागिरीची धुंदी चढली. एके दिवशी पाहतो, तर यंत्राच्या पोटात एक इवलेसे आसन बसवलेले. “चालवणारा बसन कुठी?” दुसऱ्या दिवशी चढायला पायदान आले. मग पितळेच्या दोन कड्या, आणि कण्याच्या टोकाला बैलासारखी दोन छोटी शिंगे, कारण त्याशिवाय ते त्याला ‘उघडं-उघडं’ दिसत होते. प्रत्येक सुधारणेनिशी माझ्या मनातील तराजू खाली जात होता आणि प्रत्येक सुधारणेला मी “वा!” म्हणत होतो. खोटे नव्हते ते. वस्तू खरोखरच देखणी झाली होती. इतकी सुबक गोष्ट माझ्या हयातीत माझ्यासमोर दुसरी कोणी घडवली नाही.

पोळ्याच्या तीन दिवस आधी आम्ही त्याच्या अंगणात चाचणी घेतली. रबराला एरंडेल चोळले, मोजून दीडशे पीळ दिले आणि सोडले. पंखा जोरात फिरला. सागवानाचे ते जड यंत्र मात्र जमिनीवरच भोवऱ्यासारखे गिरक्या घेत निघाले. कोंबड्या उधळल्या, आणि ते जाऊन बाईच्या सुपात धडकले.

“उडत त नाई,” बाई म्हणाली. “नाचते चांगलं.”

सुतार जराही खचला नाही. त्याने यंत्र उचलून धूळ पुसली. “नवं हाय. लाजून राह्यलं. पोळ्याची गर्दी पाह्यली का उडन.” आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “मी साऱ्या गावाले सांगून ठेवलं हाय, बाबूजी. सागवानाचं हेलिकाप्टर उडवतो म्हणून. हे तुमच्याजवळच ठेवा. इथी राह्यलं त हे बाई चुलीत घालन.”

मी ते घरी आणले, टेबलावर ठेवले आणि त्याच्याकडे पाहत बसलो. साऱ्या गावासमोर ते सुपात धडकले तसे धडकणार, आणि लाकडातल्या त्याच्या शब्दाला पहिल्यांदा बट्टा लागणार, हे मला दिसत होते. तेव्हाही त्याच्याकडे जाऊन दोन सुपाऱ्यांचा हिशेब सांगण्याइतका वेळ होता. त्याऐवजी मी पोळ्याच्या सुट्टीत दार लावून घेतले आणि कलकत्त्याच्या त्या पांढऱ्या पट्ट्यांचे दुसरे हेलिकॉप्टर जोडले. अगदी तसेच, आसन आणि शिंगांसह. फक्त ती कागदाची केली. कड्यांच्या जागी सोनेरी चमकीचा कागद लावला. आणि सर्वांवरून काताच्या पाण्याचा हलका हात फिरवला. दोन हात अंतरावरून मलाही ते सागवान वाटले. मी टाळी वाजवली. घरात एकटाच होतो, तरी वाजवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात, मोठी माणसे त्यांची पूजा करतात आणि घरोघरी मुलांना खाऊ मिळतो. गावातले जवळजवळ सारे लाकडी बैल त्या सुताराच्याच हातचे, त्यामुळे त्या दिवशी मान त्याचा. त्याने धुतलेले धोतर नेसले होते आणि फेटा बांधला होता. तीस-चाळीस बैलांच्या रांगेत, अगदी मधोमध, त्याने हेलिकॉप्टरची जागा राखली होती.

“हातात मीच धरतो, भाऊ,” मी घाईने म्हणालो. “पीळ भरलेला आहे. सुटला तर बोट कापेल.”

त्याने विश्वासाने हात मागे घेतला. त्याने ते क्षणभर जरी तळहातावर घेतले असते, तर सारे तिथेच उघड झाले असते.

मग पेच आला पूजेचा. गावच्या पाटलांनी निकाल दिला, की तोरणाखाली जे उभे राहील त्याची पूजा झालीच पाहिजे. बायका पुढे आल्या. हेलिकॉप्टरला हळदकुंकू लागले, अक्षता पडल्या, पुरणपोळीचा नैवेद्यही दाखवला गेला. एकीने गळ्यात घालायला झेंडूची माळ आणली. गळा कुठे, यावर जरा वाद झाला, आणि तेवढ्यात मी ती अदबीने बाजूला केली. अक्षतांचा एकेक दाणा मी फुंकून उडवत होतो. लोकांना वाटले, मी काही मंत्र म्हणतो आहे.

“सोडा जी आता!” कोणीतरी ओरडले. “त्याले भूक लागली असन!”

मी सोडले.

ते भुर्रकन उठले. सरळ वर, तोरणाच्या आंब्याच्या पानांना घासून, पाटलांच्या कौलांवरून, चिंचेच्या शेंड्याहून उंच! मग जो गलका उठला, तो आजही माझ्या कानांत आहे. मुले आपापले बैल ओढत, फरफटवत मागे पळू लागली. म्हातारी माणसे धोतराचे सोगे सावरत पळाली. पाटील पळाले. नैवेद्याचे ताट हातात धरून एक बाईही पळाली. आणि सुतार दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारत होता. “उडलं गा! माहं सागवान उडलं! पाहा, पाहा, गिधाडावानी चाललं!” त्याने मला कडकडून मिठी मारली आणि जमिनीवरून उचलले. मीही ओरडत होतो. मीही नाचत होतो. त्या दोन-तीन मिनिटांत मला खोटेपणाची आठवणही नव्हती. माझ्या हातांनी जोडलेले काहीतरी आभाळात होते, आणि एवढेच खरे होते.

वाऱ्याने ते गावाबाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे नेले. सगळे चहूकडे पांगले. मला ते सर्वांआधी दिसले: एका बांधाच्या कडेला, चिखलात, आडवे. एक पाते मोडले होते आणि मोडलेल्या जागी आतले पांढरे लाकूड उघडे पडले होते. मागून सुताराची हाक येत होती, “बाबूजी, घावलं का?” मी पाय ठेवला आणि ते चिखलात पुरते दाबून टाकले. “नाही,” मी म्हणालो.

तो मुळीच खट्टू झाला नाही. “कुरखेड्यापावेतो गेलं असन,” तो आभाळाकडे पाहत म्हणाला.

इथेच सारे थांबले असते, तर कदाचित मी आजही हसून विसरलो असतो. पण तो कलावंत होता. त्याने थंडीत दुसरे बनवले, पहिल्याहून देखणे. आगाराचा मोठा लिलाव होता आणि नागपूरचे व्यापारी आले होते. तान्ह्या पोळ्याची हकीकत त्यांच्या कानांवर गेली होती. त्यांनी थट्टेने विचारले आणि त्याने अभिमानाने दुपट्ट्यातून यंत्र बाहेर काढले. मला काही सुचायच्या आत त्याने पीळ भरला आणि सोडले. ते धुळीत गरगरले आणि एका ओंडक्याला टेकून थांबले.

“बैल जुंपा त्याला!” एक व्यापारी म्हणाला. सारे हसले.

“त्या दिवशी उडलं होतं. साऱ्या गावानं पाह्यलं.”

“उडाले असेल हो. पण ते सागवान नसेल. कशाला सागवान म्हणता?”

सुताराचा आवाज चढला. “लाकूड मले शिकवता का? सागवानच होतं. या हातानं तासलं. बाबूजीनं उडवलं. बाबूजी, सांगा यायले.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. माझे साहेबही पाहत होते. खरे सांगावे, तर मी पूजेच्या मांडवात गावाला फसवले हे उघड होणार. खोटे सांगावे, तर तेवढे धैर्य नव्हते. मी वहीत बघत म्हणालो, “मला लाकडातले तितके कळत नाही.”

हशाचा लोट उसळला. “वा! आगाराचा मोजणीबाबू लाकूड ओळखत नाही, अन् सुतार सागवान ओळखत नाही! मग आम्ही माल घ्यायचा कुणाच्या भरवशावर?”

तो माझ्यावर रागावला नाही. त्याने यंत्र उचलले, फुंकर मारून धूळ उडवली, दुपट्ट्यात गुंडाळले आणि निघून गेला. त्या दिवसापासून ठेकेदारांनी त्याला विचारणे सोडले. मग हळूहळू शेतकऱ्यांनीही. महिनाभराने तो आगारात आला. एका ओंडक्यावर त्याने टकटक केले, कान लावला, पुन्हा टकटक केले, पुन्हा कान लावला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बाबूजी, मले वाटते माहा हातच चुकून राह्यला. त्या दिवशी मी कोणतं लाकूड घेतलं होतं, समजत नाई.”

मी पुढच्या ओंडक्याला फीत लावली. पुढच्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि मी सुटलो, असे मी मानले.

गेल्या वर्षी नोकरीने मला पुन्हा त्या भागात आणले. महिनाभर मी टाळाटाळ केली. मग एका सकाळी एस. टी. पकडून गावी गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता, पंचाहत्तरीचा. बाई पडवीत होती. मुलगा रंधा मारत होता. शेजारची तीन-चार माणसे गप्पा हाकत बसली होती. त्याने मला चेहऱ्यावरून नव्हे, उभे राहण्याच्या पद्धतीवरून ओळखले.

“मोजणीबाबू! या, बसा. तुमाले काही दाखवाचं हाय.”

मुलाने माळ्यावरून एक टोपली खाली उतरवली. तिच्यात सागवानाची हेलिकॉप्टरे होती. मी मोजली नाहीत. तीसहून अधिक असावीत. प्रत्येक आधीच्याहून बारीक, प्रत्येकाच्या पोटात ते इवलेसे आसन. “दर पोळ्याले एक बनवतो,” तो म्हणाला. “त्या पहिल्यासारखं लाकूड पुन्हा घावलंच नाई पाहा. कोणत्या झाडाचं होतं कोण जाणे.”

“हसतात लोक,” बाई म्हणाली. “आयकत नाईत.”

मी बाजेजवळ खाली बसलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगायला लागलो. त्याने कानामागे हात धरला.

“आयकू नाई येत आता, बाबूजी. जोरानं सांगा.”

रंधा थांबला. शेजारची माणसे माझ्याकडे वळली. मी उठून उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने बोललो, की पलीकडच्या घरातूनही माणसे दारात आली.

“भाऊ, ते सागवान नव्हते! कलकत्त्याचे ते मुरमुऱ्याचे लाकूड होते. मी काताने रंगवले, मी उडवले, मीच चिखलात पुरले. तुमचे सागवान माझ्या घरी टेबलावर होते. लिलावात तुम्ही मला साक्ष विचारली आणि मी भ्यालो. तुमचा हात चुकला नव्हता, भाऊ, कधीच चुकला नव्हता. चुकलो मी. मला माफ करा.”